मृगाआधी मेंढ्यांचा खुराक : पेंडेचं पोतं एकदम फोडू नका

वळवाचे दोन सडाके झाले की माळ पोपटी दिसायला लागतो आणि त्याच आठवड्यात कोकरं मरायला लागतात. मरतुकडी नव्हे, वाड्यातली सगळ्यात गरगरीत. संध्याकाळी पोटभर चरलेलं कोकरू पहाटे मान मागं टाकून, पाय ताणून पडलेलं असतं. कुणी म्हणतं करणी, दुकानदार म्हणतो लिव्हर टॉनिक न्या. मी एवढंच विचारतो: चार दिवसांत खुराकात काय बदललं? कुणी शेंगपेंडेचं, म्हणजे भुईमुगाच्या पेंडेचं, पोतं फोडलेलं असतं, कुणी अख्खी खांड (कळप) उपाशीपोटी हिरव्यावर घातलेली असते.

उन्हाळाभर मेंढी कडब्यावर निघते. त्यात प्रथिनं जेमतेम 3-4 टक्के. कोटीपोटातल्या (चारा आंबतो त्या मोठ्या पोटातल्या) जीवाणूंना किमान 7 टक्के लागतात. तेवढी नसली तर चारा पचत नाही, तसाच पोटात बसून राहतो आणि मेंढी खाणं कमी करते. तेव्हा पेंड हवीच, नाही कोण म्हणतं? पण शेंगपेंडेतली 40 टक्क्यांवरची प्रथिनं कोटीपोटात भराभर फुटतात आणि त्यांचा अमोनिया होतो. सोबत मक्याचा किंवा ज्वारीचा भरडा असेल तर जीवाणू तो अमोनिया वापरतात. नसेल तर तो रक्तात जातो, यकृताला राबवतो आणि लघवीवाटे बाहेर पडतो. पेंडेचे पैसे मुतात गेले! सरकीची पेंड सावकाश फुटते, म्हणून या दिवसांत मला तीच बरी वाटते.

भरडाही बेतानंच. अर्धवट पचलेला भरडा नाहीतर कोवळा चारा एकदम आतड्यात उतरला, की तिथं आधीच असलेला आंत्रविषाराचा (आतड्यात विष होऊन जनावर मारणाऱ्या रोगाचा) जंतू माजतो. हावरं, धष्टपुष्ट कोकरू जास्त खातं, म्हणून तेच आधी जातं.

म्हणून मोठ्या मेंढीला पहिले तीन दिवस 50 ग्रॅम खुराक, मग दर तीन दिवसांनी 50 ग्रॅम वाढवत 200 पर्यंत जा. बारा दिवस जाऊ द्या, दोन वेळांत विभागून द्या. गव्हाणीत दर मेंढीला दीडेक फूट जागा हवी, नाहीतर दांडगी मेंढरं दुबळ्यांचाही वाटा खातात. हिरव्यावर सोडण्याआधी कडबा खाऊ घाला आणि पहिले चार दिवस तास-दोन तासच चारा.

आता माझा अंदाज, पुस्तकात शोधू नका. सकाळी वाड्यातली लेंडी उचलून बोटांनी फोडा. कोरडी, आत काड्याच काड्या, तर प्रथिनं कमी. एकमेकींना चिकटून गोळा झालेली, तर पेंड आहे तेवढीच ठेवा, दोन दिवस वाढवू नका. पातळ झाली तर पेंड बंद, कडबा चालू.

महागड्या ‘हाय-प्रोटीन’ गोळीखुराकाआधी बांधावर बघा. बाभळीच्या शेंगा आत्ताच गळतायत. तुरीचा, हरभऱ्याचा भुसा असेलच. सुबाभूळ चाऱ्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नको, लोकर गळते. बुरशी आलेली शेंगपेंड फुकट मिळाली तरी नको. युरिया हातानं कालवून तर कधीच नाही. आणि गाईंचं खनिज मिश्रण मेंढ्यांना चालतं म्हणून कुणी गळ्यात मारलं तर परत करा. त्यातलं तांबं मेंढीच्या यकृतात साठतं आणि तिला मारतं.

बाकीची कामं :
- आंत्रविषाराची लस मेमध्येच. पहिल्यांदा टोचताना 15 दिवसांनी दुसरा डोस
- पावसाआधी जंतनाशक, वजन बघून
- मेंढ्यांचं खनिज मिश्रण, मीठ
- खुरं, कातरणी
- वाड्याची जागा उंचावर

लस राहिली असेल तर आज दवाखान्यात जा. टोचल्यावर अंगात ताकद यायला दोनेक आठवडे लागतात, तोवर कोवळ्या गवतापासून कोकरं लांब ठेवा. एक जरी दगावलं तरी त्याच दिवशी सगळ्या खांडीची पेंड-भरडा बंद करा, कोरड्या चाऱ्यावर आणा आणि मेलेलं पुरण्याआधी डॉक्टरांना दाखवा.