जुन्या ट्रकच्या बाहेरील पट्ट्यांसाठी चिकटद्रव्याची निवड

जुन्या ट्रकच्या दारावरील सुटलेली प्लॅस्टिकची पट्टी पुन्हा बसवताना झटपट चिकटणारा ग्लू वापरू नये. तो वाळल्यावर ठिसूळ होतो आणि उन्हात पत्रा व प्लॅस्टिक कमी-अधिक प्रसरण पावले की तडकतो. व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारे सिलिकॉनही टाळावे, कारण रंग उडालेल्या जागी ते पत्र्याला गंज आणते. या कामाला ॲक्रिलिक फोमची दुहेरी टेपच उत्तम, कारण तिचा लवचिक थर प्रसरणाची ही हालचाल सामावून घेतो.

मात्र खरी मेहनत पृष्ठभागावर घ्यावी लागते. जुन्या रंगावरून बोट फिरवल्यावर पांढरी भुकटी लागत असेल, तर टेप त्या भुकटीलाच चिकटेल. म्हणून आधी पॉलिश करून ही भुकटी काढावी, जुना गोंद हीट गनने मऊ करून काढावा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल व पाणी समप्रमाणात घेऊन जागा पुसावी. पॉलिप्रॉपिलीन या सहजी न चिकटणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्टीला प्रायमर, म्हणजे टेपची पकड वाढवणारा द्रव, अनिवार्यच समजावा. पत्रा साधारण 21 ते 38 अंश सेल्सिअस असताना टेप सर्वत्र घट्ट दाबावी आणि 72 तास गाडी धुऊ नये. वाकलेली पट्टी मात्र आधी सरळ करावी, कारण सततचा ताण कोणतीही टेप फार काळ सोसत नाही. चाकावरील जड कमानीला पॉलियुरेथेन सीलंट आणि मूळ क्लिपा दोन्ही वापराव्यात.