ब्रिटनीत घर भाड्याने घेताय? या चुका टाळा

मे महिना उजाडला की पुण्याहून, ठाण्याहून फोन सुरू होतात. "तिकिटं झाली, आता समुद्राजवळचं एखादं घर सुचव ना, चार दिवसांसाठी." मी फ्रान्सच्या वायव्येकडच्या ब्रिटनी प्रांतात, रेन शहरात राहते, त्यामुळे ओळखीपाळखीचे सगळे मलाच विचारतात. पण ते विचारतात तोवर पहिली चूक होऊन गेलेली असते.

जुलै-ऑगस्टमध्ये इथली स्वयंपाकघरासह मिळणारी घरं बहुतेक शनिवार ते शनिवार अशीच देतात. मालकिणीला कितीही विनवलंत तरी मधलेच चार दिवस मिळणं कठीण. म्हणून आधी घर ठरवा, मग विमान. करारावर येणाऱ्या प्रत्येकाचं नाव घालून घ्या, व्हिसाच्या अर्जाला तोच कागद लागतो. चादरी आणि टॉवेल भाड्यात धरलेत का, हेही तेव्हाच विचारा. पुष्कळदा नसतात.

शनिवारी चावी हातात पडली की बॅगा उघडण्याआधी वाणसामान आणायचं. रविवारी दुपारनंतर इथली बहुतेक सुपरमार्केटं बंद असतात. "उद्या बघू" म्हणणाऱ्यांच्या पोरांनी रविवारी रात्री बिस्किटांवर भागवलेलं मी पाहिलंय.

आता भरती-ओहोटी. याबद्दल मी दरवेळी घसा कोरडा करते, तरी लोक ऐकत नाहीत. "आम्ही कोकणातले, आम्हाला काय समुद्र शिकवतेस?" मुंबईत साडेचार-पाच मीटरची भरती असली की बातमी होते. इथल्या किनाऱ्यावरच्या सेंट मालो गावी उधाणाच्या दिवसांत ओहोटी आणि भरतीच्या पातळीत १२ मीटरांहून जास्त फरक पडतो. तिथल्या रान्स नदीच्या मुखावर याच पाण्यावर १९६६ पासून वीज तयार होते आहे, २४० मेगावॅट क्षमतेची. एवढा त्या पाण्याचा जोर.

गावासमोर ग्रां बे नावाचं छोटं बेट आहे, लेखक शातोब्रियां यांची समाधी तिथे आहे. ओहोटीला चालत जाता येतं. माझा आत्तेभाऊ बायको-मुलांसह आला होता. मी वेळ लिहून दिली होती, पण कागद घरीच राहिला. "वाट कोरडी ठणठणीत आहे, अर्ध्या तासात जाऊन येऊ," म्हणून निघाले. फोटो काढून परत फिरले तेव्हा दगडी वाटेवरून पाणी वाहत होतं. धाकटी सहा वर्षांची. भाऊ तिला खांद्यावर घेऊन उतरणार, तेवढ्यात वहिनीने त्याचा हात धरला आणि सोडला नाही. तिचं बरोबर होतं. गुडघाभर दिसणारं ते पाणी बघता बघता वाढतं आणि माणसाला ओढून नेतं. पुढची ओहोटी लागेपर्यंत सहा तास वाऱ्यात बसले, जवळ एक पाण्याची बाटली. मी किनाऱ्यावरून त्यांना नुसती बघत होते. ती संध्याकाळ मी विसरलेले नाही.

माझी सवय सांगते. रोज सकाळी चहाबरोबर त्या दिवसाचा भरती-ओहोटीचा तक्ता बघायचा. वेळेशेजारी २० ते १२० मधला एक आकडा असतो, तो भरतीचा जोर सांगतो. १०० च्या वर म्हणजे मोठं उधाण, ७० च्या खाली असेल तर काही वाटा उघड्याच पडत नाहीत. उन्हाळ्यात इथली घड्याळं एक तास पुढे असतात, तक्ता त्या उन्हाळी वेळेचा आहे ना, तेही पाहून घ्या. आणि पाणी पूर्ण ओसरायच्या सुमाराला निघून, चढू लागायच्या आत परतायचं.

स्वयंपाकघराचंही आधी विचारा. शेगडी इंडक्शन असेल तर घरचा ॲल्युमिनियमचा कुकर तिच्यावर तापतच नाही. आणायचा तर इंडक्शनचा स्टीलचा आणा, बुडाला लोहचुंबक चिकटतं का पाहून. तूप आणू नका. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे. इथे लोणी उत्तम मिळतं, घरीच कढवा. मात्र ब्रिटनीत खारं लोणी जास्त चालतं, तेव्हा बिनमिठाचं मागून घ्या.

सेंट मालोला मुक्काम ठेवून एका दिवसात ब्रिटनीच्या पश्चिम टोकाचं प्वांत द्यु रा हे भूशिर बघायचा बेत करू नका, एका बाजूलाच तीनेक तास लागतात. त्यापेक्षा जवळच्या कांकाल गावाला जा. अर्ध्या-पाऊण तासात पोचाल, आणि ओहोटीला धक्क्यावरून कालवांची शेती उघडी पडलेली दिसेल.