ठोंबाला मधोमध पडलेलं टक्कल

आमच्या कोथरूडच्या गच्चीतल्या जांभळ्या फाउंटन ग्रासला तिसऱ्या वर्षी मधोमध टक्कल पडलं. कडेला हिरव्या-जांभळ्या झिपऱ्या आणि मध्ये नुसत्या वाळक्या काड्या. हे म्हणाले, "हुमणी लागली असणार, फेकून दे." कुंडी उपडी केली, तर हुमणी-बिमणी काही नाही. गवत म्हातारं झालं होतं, एवढंच.

हरळी जमिनीवर धावत सुटते, हे गवत जागचं हलत नाही. नवे फुटवे जुन्या काडीला चिकटून, पानाच्या वेष्टनातूनच सरळ वर येतात. म्हणून त्याचा ठोंब होतो. दरवर्षी नवी मंडळी बाहेरच्या कडेला, जुनी मध्ये कोंडून वाळतात. अशा वेळी ठोंब फोडायचा.

मृगाचे दोनचार पाऊस होऊ द्या. एप्रिलच्या उन्हात हा उद्योग नको. पानं सुतळीने आवळून वीतभर ठेवून विळ्याने कापा. वाढीचे कोंब बुडाशी असतात, त्यामुळे गवताला याचं काही वाटत नाही. मग जुन्या, दातेरी पावाच्या सुरीने ठोंब चिरा. मधला वाळका भाग कंपोस्टमध्ये, कडेचे चार-पाच फुटव्यांचे, मुळ्यांसकट तुकडे लावायला.

पहिल्या वर्षी मी ते उसाच्या कांडीसारखे खोल पुरले. जुलैच्या झडीत निम्मे कुजले. बूड पूर्वी होतं तेवढंच मातीत हवं. आपली काळी माती पाणी धरून बसते, तिच्यात निम्मा मुरूम मिसळा.

तुरा आला की एकदा भिंगाखाली धराच. फुलांभोवतीचे ते मऊ केस म्हणजे फुलं न लागलेल्या बारीक फांद्या. हे गवत बाजरीच्या भावकीतलं. दोघांचाही पेनिसेटम हा वंश २०१० मध्ये सेंक्रस या वंशात घातला गेला. भोगीच्या भाकरीचं नातं असं गच्चीपर्यंत येतं!

हिरव्या जातीचं रोप मात्र आणू नका. तिचं बी वाऱ्यावर उडतं. हवाईत ती रानोमाळ माजली आणि वाळल्यावर वणव्यांना सरपण झाली. आपल्या टेकड्या जवळच आहेत. जांभळीला सहसा बी धरत नाही, म्हणून तर ही फोडाफोडी.

यंदा सात तुकडे निघाले, तीन शेजारी वाटले. खालच्या काकू रोज जिन्यात अडवतात, "अगं, तुझं जांभळं गवत माझ्याकडे हिरवं कसं झालं?" त्यांची बाल्कनी उत्तरेची, ऊन म्हणाल तर कवडीचं नाही. परवा कुंडी उचलून माझ्याच गच्चीत आणून ठेवली.