फॅमिली कोर्टात जाण्याआधी हे वाचा: घटस्फोट, पोटगी, मुलांचा ताबा आणि घराचं काय होतं

सगळ्यात आधी एक गैरसमज काढून टाकूया, कारण याच्यामुळे बायकांचं फार नुकसान होताना मी बघते. "घटस्फोट झाला की नवऱ्याची अर्धी प्रॉपर्टी मिळते" असं महाराष्ट्रात नाहीये. तुमचं लग्न हिंदू विवाह कायदा १९५५ खाली झालेलं असो की स्पेशल मॅरेज ॲक्ट १९५४ खाली, ज्याच्या नावावर जे आहे ते त्याचं, इथून सुरुवात होते. बाकी जे मिळतं ते पोटगी, स्त्रीधन, जॉइंट नावावरचा हिस्सा अशा वेगवेगळ्या वाटांनी मिळतं आणि सगळ्यात जास्त मिळतं ते दोघांनी सही केलेल्या कन्सेंट टर्म्समधून, म्हणजे आपसात ठरलेल्या अटींच्या कागदातून. त्या कागदावर जे लिहिलं नाही ते नंतर मागायचं तर नवी केस, नव्या तारखा. म्हणून कोर्टात काय बोलायचं याची काळजी थोडी कमी करा आणि कागदावर काय लिहायचं याची जास्त.

(मी लिहितेय ते हिंदू विवाह कायदा आणि स्पेशल मॅरेज ॲक्टबद्दल. मुस्लिम आणि ख्रिश्चन लग्नांना कायदे वेगळे आहेत.)

केस कुठे टाकायची? लग्न जिथे लागलं तिथे, दोघं शेवटचे एकत्र जिथे राहिलात तिथे, किंवा समोरचा आत्ता जिथे राहतो तिथे. आणि बायको अर्जदार असेल तर ती आत्ता जिथे राहतेय तिथेसुद्धा, ही सोय २००३ पासून आहे आणि माहेरी परत आलेल्या मुलींना ती बऱ्याचदा माहीतच नसते. मुंबई, पुणे, नागपूर अशा ठिकाणी वेगळं फॅमिली कोर्ट आहे, जिथे नाही तिथे सिव्हिल जज सीनियर डिव्हिजनकडे केस चालते. बाईला मोफत वकील मिळतो, तिचा पगार कितीही असला तरी, हा विधी सेवा कायद्यातला हक्क आहे, कोणी उपकार करत नाही. जिल्हा कोर्टाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं तिथे जा किंवा १५१०० ला फोन लावा. घटस्फोट आणि पोटगीच्या केसेसमध्ये महाराष्ट्रात बायकांना कोर्ट फीसुद्धा माफ आहे, ती भरायला कोणी सांगितलं तर आधी विचारा.

आता दोन रस्ते. एक संमतीचा, एक भांडणाचा.

संमतीने घ्यायचा असेल तर किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं. वेगळं म्हणजे वेगळ्या घरातच असं नाही, एका छताखाली राहून नवराबायको म्हणून नातं संपलेलं असलं तरी ते वेगळं राहणंच धरतात, सुप्रीम कोर्टाने हे १९९१ मध्येच सांगितलंय. पिटीशन दाखल केल्यावर सहा महिने थांबायचं, मग परत दोघांनी येऊन सांगायचं की आमचं ठरलेलं आहे. हे सहा महिने माफ होऊ शकतात. २०१७ च्या अमरदीप सिंग केसनंतर, तुम्ही दीड वर्षाहून जास्त वेगळे राहत असाल, समेटाचे प्रयत्न झालेले असतील आणि पोटगी, मुलं, वस्तू सगळ्याचा निकाल आपसात लागलेला असेल तर तसा अर्ज देता येतो. पण एक लक्षात ठेवा, डिक्री, म्हणजे कोर्टाचा घटस्फोटाचा अंतिम हुकूम, होईपर्यंत दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतो. म्हणून सगळे पैसे आधीच देऊन टाकू नका आणि सगळे "नंतर देतो" वरही सोडू नका, थोडे दाखल करताना आणि बाकीचे शेवटच्या तारखेला जजसमोर डिमांड ड्राफ्टने, हीच रीत बरी.

भांडून घ्यायचा असेल तर कारण सिद्ध करावं लागतं: क्रूरता, दोन वर्षांहून जास्त सोडून जाणं, व्यभिचार वगैरे. "आमचं पटत नाही" हे कायद्यात कारण नाहीये. लग्नाला एक वर्ष झालं नसेल तर अगदी अपवाद सोडून पिटीशनच टाकता येत नाही. यात समन्स, मग समोरच्याचं म्हणणं, मग मुद्दे, सरतपासाचं ॲफिडेव्हिट (स्वतःची साक्ष शपथेवर लिहून देणं), उलटतपास, आर्ग्युमेंट अशी साखळी असते आणि ती वर्षानुवर्षं चालते, हे कोणीतरी तुम्हाला पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे. समन्स आलं तर घ्या. घरी नाही म्हणून बेलीफला परत पाठवलं की केस थांबते असं बऱ्याच जणांना वाटतं, ती थांबत नाही, एकतर्फी चालते.

दोन्ही रस्त्यांवर एक स्टेशन सारखं: विवाह समुपदेशक. तिथे "परत नांदायला जा" असं दडपण येईल अशी भीती असते. कायद्याने समेटाचा प्रयत्न करणं कोर्टाला बंधनकारक आहे हे खरं, पण तुम्हाला नाही म्हणायचा पूर्ण हक्क आहे. मारहाण असेल तर पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा आणि वेगळं भेटायचं आहे म्हणून सांगा. हात जोडून विनवते, हे लपवू नका.

पोटगीचं बघू. केस चालू असतानाची ती अंतरिम पोटगी, निकालानंतरची ती कायमची, महिन्याला किंवा एकरकमी. २०२० मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की दोघांनीही आपलं उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, खर्च याचं ॲफिडेव्हिट द्यायचं आणि पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरायची. म्हणून अर्ज लवकर करा, "बघू, सुधारेल" म्हणत घालवलेले महिने परत मिळत नाहीत. बायको कमावती असली तरी दोघांच्या राहणीमानात मोठी तफावत असेल तर पोटगी मिळू शकते, आणि हिंदू विवाह कायद्यात नवराही मागू शकतो. ॲफिडेव्हिट भरताना अंदाजे आकडे टाकू नका. घरभाडं, किराणा, लाइट बिल, मुलाची फी, रिक्षा, औषधं, प्रत्येकाची पावती नाहीतर बँकेची एंट्री. उलटतपासात सगळ्यात आधी इथेच बोट ठेवतात. समोरचा पगार लपवत असेल तर त्याच्या कंपनीकडून सॅलरी स्लिप मागवा असा अर्ज कोर्टाला देता येतो.

मुलांचा ताबा. इथे जरा थांबून वाचा.

कोर्ट एकच गोष्ट बघतं, मुलाचं भलं कशात आहे. आईचा हक्क मोठा की बापाचा, हा प्रश्न मागे पडतो. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, त्यापुढे मुलाची शाळा, सवयी, घरी बघायला कोण आहे आणि मूल समजण्याएवढं मोठं असेल तर त्याचं म्हणणं, हे जज बघतात. जज मुलाशी चेंबरमध्ये एकटे बोलू शकतात. त्याच्या आदल्या रात्री मुलाला पढवू नका. लहान मूल पाठ केलेलं वाक्य कसं बोलतं ते जजला लगेच कळतं आणि त्या लेकराच्या मनावर ओझं राहतं ते वेगळंच. ताब्याचा आदेश कायमचा नसतो, परिस्थिती बदलली तर परत अर्ज करता येतो, त्यामुळे आज हरलो म्हणजे मूल गेलं असं नाही.

ज्याच्याकडे ताबा नाही त्याला भेटीचा हक्क असतो, आणि भांडणं इथेच पेटतात, कारण कागदावर लिहिलेलं असतं: "वडिलांना मुलाला सोयीनुसार भेटता येईल." कोणाच्या सोयीनुसार? असं कलम म्हणजे पुढच्या पाच वर्षांचा वाद. लिहायचं असं: दर महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी सकाळी १० ते रविवारी संध्याकाळी ६, घ्यायला वडील येतील, सोडायलाही वडीलच येतील, मूल आजारी असेल तर पुढचा शनिवार. दिवाळीची सुट्टी अर्धी अर्धी, या वर्षी पहिला भाग आईकडे आणि पुढच्या वर्षी उलट. गणपतीत गावी कोण नेणार, मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची, वाढदिवस कोणाकडे, रोज व्हिडिओ कॉल किती वाजता. पासपोर्टसाठी दुसऱ्याच्या सह्या लागतील त्या देणार का, शाळा बदलायची तर दोघांना विचारून का, तेही लिहा. वाचताना हे किरकोळ वाटतं, पण दर शनिवारी गेटवर उभ्या राहणाऱ्या मुलासाठी ते किरकोळ नसतं.

आणि मुलाची पोटगी आईने सोडून देऊ नये. "मला तुझा एक पैसा नको" हे स्वतःपुरतं म्हणा, पण मुलाचा खर्च हा मुलाचा हक्क आहे, तो सोडायचा तुम्हाला अधिकार नाही. फी दरवर्षी वाढते, म्हणून पोटगी दरवर्षी अमुक टक्के वाढेल हे आत्ताच घाला.

आता घर आणि सोनं. स्त्रीधन म्हणजे लग्नात, लग्नाआधी आणि नंतर बाईला मिळालेलं, मग ते माहेरचं असो की सासरचं, ते तिचंच. सासूकडे ठेवायला दिलं म्हणून ते सासूचं होत नाही, सुप्रीम कोर्टाने १९८५ मध्ये प्रतिभा राणी केसमध्ये हे स्पष्ट केलंय. यादी करताना "दागिने" एवढंच लिहू नका. मंगळसूत्र दोन वाट्यांचं, वजन किती, पाटल्या दोन, तोडे दोन, कोणी दिले, लग्नाच्या अल्बममधला कुठला फोटो, सोनाराची पावती आहे का. वस्तू परत मिळाल्या की त्या यादीवर एकेक टिक करून दोघांच्या सह्या घ्या.

सासरच्या घरातून घटस्फोट होण्याआधी हाकलून लावता येत नाही. घरगुती हिंसाचार कायदा २००५ मध्ये राहण्याचा हक्क आहे आणि घर सासऱ्यांच्या नावावर असलं तरी तो मागता येतो, असं २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय. पण राहण्याचा हक्क म्हणजे मालकी नाही, हे दोन वेगळे धरा.

जॉइंट फ्लॅट असेल तर कोर्टाची डिक्री बँकेला बांधत नाही. कर्जावर तुमची सही असेल तर घटस्फोटानंतरही हप्ता थकला की बँक तुमच्या मागे येईल. म्हणून हिस्सा सोडायचा असेल तर बँकेकडून आपलं नाव कर्जातून काढल्याचं पत्र आधी घ्या, मगच हक्कसोड. अजून एक महत्त्वाचं, एकाने दुसऱ्याला राहतं घर द्यायचं ठरलं असेल तर डिक्रीच्या आधी, नवराबायको असतानाच बक्षीसपत्र नोंदवून घ्या. पतीपत्नीत राहत्या घराच्या बक्षीसपत्राला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, वर स्थानिक अधिभार असेल तो वेगळा. डिक्रीनंतर तुम्ही कायद्याने एकमेकांचे कोणी नसता, मग तीच सवलत जाते आणि लाखात शुल्क भरावं लागतं.

गोव्यातल्या मंडळींसाठी हे सगळं वेगळं आहे. तिथे पोर्तुगीज काळातला नागरी कायदा अजून चालतो, आणि लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर दोघांची मालमत्ता सामाईक धरली जाते, मोडताना अर्धी अर्धी. कोल्हापूर-सिंधुदुर्गातून गोव्यात लग्न होऊन गेलेल्या मुलींनी तिथला वकील गाठावा, इथल्या वकिलाच्या सल्ल्यावर जाऊ नये.

आणि परदेशात असणाऱ्यांनी: नवऱ्याने अमेरिकेत एकट्याने केस टाकून डिक्री आणली, कारण "नातं मोडलंय", आणि तुम्ही त्या कोर्टाला मान्यता दिली नाही, तर अशी डिक्री इथे चालत नाही, १९९१ च्या नरसिंह राव केसपासून. पण तिथल्या कागदांवर न विचारता सही करू नका, कारण सही म्हणजे मान्यता धरली जाऊ शकते.

निकाल लागला की नक्कल विभागात अर्ज देऊन डिक्रीच्या दोन-तीन प्रमाणित नकला लगेच काढा, बँक, पासपोर्ट, सगळीकडे लागतात. पीएफ, विमा, म्युच्युअल फंड, डीमॅट, सगळीकडचे नॉमिनी त्याच आठवड्यात बदला. भांडणाच्या डिक्रीत अपिलाची मुदत संपेपर्यंत दुसरं लग्न करू नका. आणि फौजदारी प्रक्रियेतली पोटगी, म्हणजे पूर्वीचं कलम १२५ आणि आता नव्या संहितेतलं १४४, थकली तर वसुलीचा अर्ज थकल्यापासून एका वर्षाच्या आत करा, वर्ष उलटलं की त्या महिन्यांसाठी वॉरंट मागता येत नाही. दर महिन्याला पोटगी आली की नाही याची वहीत किंवा एक्सेलमध्ये तारखेनिशी नोंद ठेवा, अर्जाला तीच जोडायची असते.