ट्रेलर घरी पोचला: आधी कुत्रा, मग आवराआवर

मांडू, महेश्वर किंवा पचमढीहून कॅम्पर ट्रेलर (कारमागे जोडून न्यायचं फिरतं घर) घेऊन इंदूरला परतलं की सगळे दमलेले असतात. डबे-भांडी उद्यावर टाकली तरी चालतील. दोन कामं मात्र त्याच दिवशी उरकायचीच: कुत्र्याची तपासणी आणि ओलं कापड वाळत घालणं.

परतीच्या दिवशी कुत्र्याचं खाणं निघण्याच्या तीन-चार तास आधी आणि नेहमीपेक्षा कमी. भरल्या पोटी घाटातली वळणं त्याला सोसत नाहीत, तो ओकतो. तो कारमध्येच बसेल, हार्नेस बांधून. चालत्या ट्रेलरमध्ये त्याला कधीच ठेवू नका. आत उकडलं, तो धापा टाकायला लागला, तरी पुढे बसलेल्यांना पत्ता लागत नाही.

घर दिसलं की कुत्रा उड्या मारतो आणि नेमका मागे येणाऱ्या चाकांपाशी धावतो. रामबागेसारख्या जुन्या वस्तीतल्या अरुंद गल्लीत चालवणाऱ्याला तो दिसतही नाही. म्हणून एकानं त्याला पट्ट्याला धरून लांब उभं राहायचं, दुसऱ्यानं ट्रेलर लावायचा. चाकांना दोन्ही बाजूंनी ओंडके किंवा विटा लावल्याशिवाय कार-ट्रेलरचा जोड सोडू नका.

आता घरात शिरण्याआधी अंगणात, उजेडात तपासणी. घाईघाईनं पाठीवरून हात फिरवून भागत नाही. गोचीड बसतो तो कानाच्या घड्यांत, गळपट्ट्याखाली, काखेत, जांघेत, शेपटीखाली आणि बोटांच्या बेचक्यात. केस उलटे फिरवत बोटांनी चाचपा. लहान गोचीड तिळाएवढाच लागतो. बारीक टोकाच्या चिमट्यानं त्याला अगदी कातडीलगत धरा आणि न पिळता, न हिसडता सरळ वर ओढा. रॉकेल लावू नका, उदबत्तीचा चटका देऊ नका: डिवचलेला गोचीड पोटातलं जखमेत ओकतो आणि रोग तिथूनच शिरू शकतो. नखानं चिरडूही नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका. जागा अँटिसेप्टिकनं पुसा आणि कॅलेंडरवर तारीख लिहा.

ही तारीख महत्त्वाची, कारण गोचीडतापाची लक्षणं बहुधा एक ते तीन आठवड्यांनी दिसतात. तोवर सहल विसरलेली असते आणि खाणं सुटलं तर दोष उन्हाला जातो. ताप १०३ फॅरनहाइटच्या वर, फिकट हिरड्या, नाकातून रक्त किंवा कॉफीच्या रंगाची लघवी, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या आणि ती तारीख सांगा. गोचिडाचं औषध त्यांनाच विचारून, वजनाप्रमाणे. घरात मांजर असेल तर आवर्जून सांगा. कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिन हे गोचीडनाशक मांजरांना विषारी असतं.

पावसाळ्यानंतर माळव्यातल्या माळांवर कुसळं असतात. कुसळाची टोकं उलट्या काट्यांची, त्यामुळे ते आतच सरकत जातं. कुत्रा एकाच बाजूला मान कलती ठेवून डोकं झटकत असेल, तर कानात कापूस घालू नका. आत कुसळ असेल तर ते डॉक्टरांना काढू द्या.

मग कापड. तंबू किंवा छत दमट असताना घडी करून ठेवलं, तर एक-दोन दिवसांतच बुरशी धरते आणि तिचे काळे डाग निघत नाहीत. पूर्ण पसरा, शिवणी हाताला कोरड्या लागेपर्यंत.

पाण्याची टाकी रिकामी करा. ६० लिटरच्या टाकीला ६० मिली साधं, बिनवासाचं घरगुती ब्लीच पुरतं; भरून नळांतून वास येईपर्यंत सोडा, चार तास ठेवा, मग वास जाईपर्यंत धुवा. गॅस सिलिंडर बंद, फ्रिजचं दार किलकिलं, बॅटरी पूर्ण चार्ज.

कुत्र्याची गादी गरम पाण्यात धुवा. गोचिडाची मादी फटीत हजारो अंडी घालते, म्हणून ट्रेलरचे कोपरे, बाकांखालच्या भेगा व्हॅक्यूमनं काढून धूळ पिशवीत घट्ट बांधून लगेच टाका. तीन आठवड्यांनी हेच पुन्हा करा. अंडी फुटायला साधारण तेवढा वेळ लागतो.