डी ची पाकिटं मागण्याआधी

पंचवटीत माझं मेडिकल आहे. परवा सातपूरला रात्रपाळी करणारा एक मुलगा रिपोर्ट घेऊन आला. व्हिटॅमिन डी 11. थोरल्या भावाला एमडीआर टीबी, म्हणजे आयसोनियाझिड आणि रिफॅम्पिसिन या दोन्ही मुख्य औषधांना दाद न देणारा. "काका, डी कमी असलं की असा टीबी होतो म्हणतात. घरातल्या सगळ्यांना डी ची पाकिटं द्या, आम्हाला तरी नको व्हायला." असं म्हणणारा तो पहिला नाही, म्हणून त्याला सांगितलं तेच लिहितो.

आकडा 20 च्या खाली म्हणजे कमतरता. पण टीबीच्या पेशंटचं डी बहुतेकदा कमीच सापडतं. माणूस घरात पडून असतो, जेवण तुटलेलं असतं, आणि रिफॅम्पिसिनमुळेही शरीरातलं डी लवकर संपतं. आधी डी कमी झालं की आधी टीबी झाला, ते एका रिपोर्टवरून ठरत नाही. डी ची प्रतिकारशक्तीला मदत होते, खरं. जंतू औषधाला दाद देईनासा होतो तो मात्र त्याच्या जनुकातल्या बदलाने. अर्धवट सोडलेल्या गोळ्यांतून असे जंतू उरतात आणि वाढतात, किंवा खोकल्यातून तसलाच जंतू सरळ घरातल्यांकडे येतो. मंगोलियात आठ हजारांवर शाळकरी मुलांना तीन वर्षं दर आठवड्याला 14,000 युनिट डी दिलं. रक्तातलं डी वाढलं, टीबीची लागण काही घटली नाही.

तेव्हा पाकिटांआधी घरातल्या सगळ्यांची तपासणी. सरकारी केंद्रात ती फुकट होते. खोकला, ताप, वजन उतरणं यातलं काही असेल तर थुंकीची सीबीनॅट करायला सांगा. जंतू आहे का आणि तो रिफॅम्पिसिनला दाद देतो का, हे मशीन दोनेक तासांत सांगतं. भावाची एकही गोळी चुकू देऊ नका. खिडक्या उघड्या ठेवा, थंडीतही.

मग ताट. झारखंडमध्ये पेशंटच्या घरच्यांना दरमहा तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या, तर त्यांच्यातला नवा टीबी 39 टक्क्यांनी घटला. 2023 साली हे छापून आलं. भावाच्या खात्यात निक्षय पोषण या सरकारी योजनेचे महिन्याला 1000 रुपये येतात का, तेही बघा.

आता ऊन. आपल्याकडे कोवळ्या उन्हाचं भारी कौतुक, पण डी तयार करणारे किरण त्यात फार थोडे. दहा-साडेदहानंतर हातपाय उघडे टाकून पंधरा-वीस मिनिटं गच्चीत बसा. काचेमागे बसून उपयोग नाही, ते किरण काच अडवते.

पाकीट घ्यायचंच तर डॉक्टरांना विचारून. 60,000 युनिटचं पाकीट साधारण आठवड्याला एक, जेवणानंतर किंवा दुधातून. एक आजी महिनाभर रोज एक घेत होत्या. आठ माझ्याकडून नेली होती, उरलेली दुसरीकडून. उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान. कॅल्शियम चढलेलं. पाकिटावर लिहून दिलं नव्हतं, ती चूक माझीच. टीबी असलेल्याचं कॅल्शियम तर कधीकधी कमी डोसवरही चढतं, म्हणून भावासाठी मी चिठ्ठीशिवाय देत नाही.

त्या मुलाने डॉक्टरांची चिठ्ठी आणली, फक्त स्वतःची. चार पाकिटं दिली. प्रत्येकावर मार्करने 'रविवार' लिहिलं, आणि आईची थुंकी कधी देणार ते विचारून घेतलं.