किशोरवयीन मुलांचं इंटरनेट: पालकांनी नेमकं काय करायचं

‘फोन काढून घ्या, चार दिवसांत सुतासारखा सरळ होईल’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. प्रत्यक्षात सोशल मीडियाचं तेच खातं मित्राच्या फोनवर उघडतं, कपाटातला जुना फोन घरच्या वायफायला जोडला जातो आणि आधी दिसत होतं तेवढंही दिसेनासं होतं. या वयात पालकांचं खरं वजन दोनच ठिकाणी पडतं: सवय बसताना, आणि काही बिघडल्यावर.

१. खात्यावरची जन्मतारीख बघा. हे जवळपास कुणीच करत नाही. बहुतेक मोठ्या सेवांना वयाची १३ वर्षं पूर्ण लागतात, म्हणून मुलं खोटं साल टाकतात. दहाव्या वर्षी ‘१८’ सांगणारं मूल चौदाव्या वर्षी खात्याच्या हिशोबाने बावीस वर्षांचं होतं, आणि किशोरांसाठीचं संरक्षण त्याला लागू होत नाही. इन्स्टाग्रामने सप्टेंबर २०२४मध्ये आणलेली किशोर खाती आपोआप खासगी असतात, अनोळखी माणसाचा थेट संदेश येत नाही, रात्री १० ते सकाळी ७ सूचना गप्प असतात आणि १६च्या आतल्या मुलाला हे सैल करायला पालकांची परवानगी लागते. हे सगळं आयतं मिळतं, पण जन्मतारीख खरी असेल तरच. ती बदलता येत नसेल तर नवं खातं काढा. जुने फॉलोअर गेले म्हणून रुसवा होईल, तो सोसा.

२. रात्री सगळ्यांचे फोन झोपायच्या खोल्यांबाहेर चार्जिंगला. सगळ्यांचे म्हणजे तुमचाही. मुलाला अलार्मचं साधं घड्याळ घेऊन द्या, नाहीतर तीच सबब पुढे येते.

३. वेळेची मर्यादा लावा, पण तिच्या भरवशावर राहू नका. आयफोनवर स्क्रीन टाइम, अँड्रॉइडवर फॅमिली लिंक. ॲप अडवलं की तीच सेवा ब्राउझरमधून उघडून पाहिली जाते, वायफाय राउटरवर साइट अडवणारी गाळणी मोबाइल डेटावर चालत नाही, आणि पासकोड तुम्ही मुलासमोरच टाकलेला असतो. तासांचा आकडा ठरवण्याआधी झोप, अभ्यास आणि मैदान यांना किती वेळ लागतो ते मांडा. उरेल त्यात फोन. चोरून संदेश वाचणारी हेर ॲप मात्र अजिबात टाकू नका. ती एक दिवस सापडतातच, आणि मग पुढची पायरी, म्हणजे मुलाने आपणहून येऊन सांगणं, तुमच्यासाठी कायमची बंद होते.

४. बिघडण्याआधी शब्द द्या, बिघडल्यावर तो पाळा. खरी कसोटी इथेच आहे.

नग्न फोटो मिळवून पैसे उकळणाऱ्यांचा सगळा धंदा एका धमकीवर चालतो: ‘घरच्यांना पाठवीन.’ घरी सांगायची भीती असते तोवरच ती धमकी चालते. म्हणून काहीच घडलेलं नसताना, साध्या शब्दांत सांगून ठेवा: ‘काहीही झालं, चूक तुझी असली तरी, आधी मला सांग. सांगितलं म्हणून फोन जाणार नाही.’ दुसरं वाक्य गाळू नका. मुलं गप्प बसतात त्याचं एक मोठं कारण फोन जाण्याची भीती हेच असतं.

मग मुलं तुमची परीक्षा घेतात, तीही बारीकशा गोष्टीवर. ‘माझ्या एका मैत्रिणीला कुणीतरी घाण मेसेज केला.’ ही मैत्रीण बऱ्याचदा समोरच बसलेली असते. ‘कोण मैत्रीण?’ विचारू नका, ‘म्हणून मी सांगत होते’ तर नाहीच नाही. ‘मग तिने काय केलं?’ एवढं विचारा आणि थांबा. बहुतेक पालक इथेच नापास होतात, आणि पुढची मोठी गोष्ट त्यांच्यापर्यंत येत नाही.

खरोखर धमकी आली तर क्रम असा ठेवा. पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. चॅट पुसू नका, खातं बंद करू नका, कारण पुरावा तिथेच आहे. धमकीचे संदेश, समोरच्याचं युजरनेम, प्रोफाइलची लिंक आणि पैसे मागितलेला खाते क्रमांक यांचे स्क्रीनशॉट घ्या. मुलाचा तो फोटो मात्र स्वतःच्या फोनवर घेऊ नका, कुणाला दाखवायला पुढे पाठवू नका. अल्पवयीन मुलाचं असं चित्र बाळगणं पुष्कळ देशांत गुन्हा आहे. मग ॲपमध्ये तक्रार, त्यानंतर ब्लॉक, आणि पोलीस. घाईत आधी ब्लॉक केलं तर काही ठिकाणी संभाषणच दिसेनासं होतं.

१८च्या आतल्यांच्या फोटोसाठी ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवा आहे. ती फोटोचा डिजिटल ठसा, म्हणजे फोटो ओळखता येईल असा एक कोड, मुलाच्याच फोनवर बनवते. फोटो बाहेर जात नाही, फक्त ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो आणि त्या जुळणारी चित्रं शोधून हटवतात. एन्क्रिप्टेड, म्हणजे कंपनीलाही वाचता न येणाऱ्या, चॅटमध्ये फिरणाऱ्या फोटोवर तिचा उपयोग नाही.

त्या रात्री मुलाला एकटं सोडू नका. शरमेपोटी काही मुलं जिवाचं बरंवाईट करून घेतात, आणि धोका पहिल्या काही तासांतच जास्त असतो. ‘असं केलंसच का’ हा प्रश्न आठवडाभर बाजूला ठेवा. आणि फोन त्याच्याकडेच राहू द्या, तुम्ही तसं म्हणाला होतात. पासवर्ड बदलणं, फॉलोअर गाळणं हे शेजारी बसून दोघांनी मिळून करा.

५. मर्यादा सैल करायची तारीख आधीच ठरवा. दर सहा महिन्यांनी बसा, मुलाने मागणी मांडायची, तुम्ही एक तरी मान्य करायची. सतराव्या वर्षापर्यंत जवळपास सगळी बंधनं निघालेली असावीत, म्हणजे मोकळेपणाच्या पहिल्या चुका मूल घरात असतानाच होतील.